आधी किड्याला जेवू घाला

लेपर्ड गेको पाळलेल्या घरात ही पाल सहसा उपाशी राहत नाही. रातकिडे वेळेवर मिळतात, शेपटीत चरबी साठून ती चांगली जाड दिसते, घरातली मुलं कौतुकाने फोटो काढतात. आणि अशा भरल्या पोटीच तिच्या पायांची बोटं थरथरू लागतात, चालताना पोट जमिनीला घासतं, खालचा जबडा बोटाने हलकेच दाबला तर लवतो. खाणं कमी पडलेलं नसतं. त्या खाण्यात कॅल्शियम नसतं, आणि ते आपण वरून द्यायचं असतं हे घरात कुणालाच ठाऊक नसतं.

कारण किड्याच्या अंगातच आहे. माणसाच्या, गाईच्या किंवा पालीच्या शरीरातलं जवळजवळ सगळं कॅल्शियम हाडांत असतं. किड्याला हाड नाही. त्याचा सांगाडा बाहेरून असतो आणि तो कायटिन नावाच्या चिवट पदार्थाचा व प्रथिनांचा बनलेला असतो. खेकड्याच्या कवचात असतो तसा चुना त्यात नसल्यातच जमा. एक किलो रातकिड्यांत कॅल्शियम भरतं सुमारे ४०० मिलिग्रॅम आणि फॉस्फरस सुमारे २,९५० मिलिग्रॅम, म्हणजे कॅल्शियमच्या सातपट. मीलवर्म या अळ्यांची गत आणखी वाईट आहे. किलोभर मीलवर्ममध्ये कॅल्शियम १७० मिलिग्रॅमच्या आसपास, तर फॉस्फरस २,८५० मिलिग्रॅम. पालीच्या शरीराला हवं असतं ते नेमकं उलटं: फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट कॅल्शियम.

हे प्रमाण बिघडलं की काय होतं ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण पुढची सगळी काळजी त्यावरच उभी आहे. अन्नात फॉस्फरस जास्त असला की तो आतड्यात कॅल्शियमला बांधून ठेवतो, शोषू देत नाही. रक्तातलं कॅल्शियम घसरू लागतं. रक्ताला मात्र ते ठरावीक प्रमाणात लागतंच. स्नायूंचं आकुंचन, हृदयाचा ठोका, मज्जातंतूंचे संदेश, सगळं त्यावर चालतं. म्हणून पॅराथायरॉइड ग्रंथी संप्रेरक सोडतात आणि हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात आणतात. आजचा दिवस निभावतो, पण हाड तेवढं झिजतं. असं महिनोन्‌महिने चाललं की हाडाच्या जागी मऊ तंतूंचा भरणा होतो. पशुवैद्य या आजाराला मेटाबॉलिक बोन डिसीज म्हणतात.

खानदेशात ज्यांच्या गोठ्यात दुभती जनावरं आहेत त्यांना याचं भावंड माहीत आहे. व्यायलेली गाय एक-दोन दिवसांत खाली बसते, मान पोटाकडे वळवते आणि उठत नाही. दूध उतरताना रक्तातलं कॅल्शियम एकदम ओढलं गेलेलं असतं. यालाच मिल्क फीवर म्हणतात. डॉक्टर शिरेतून कॅल्शियमची बाटली चढवतात आणि बहुतेक वेळा गाय उभी राहते. गाईत हे काही तासांत घडतं, डोळ्यांपुढे घडतं, म्हणून धावपळ होते. पालीत तीच तूट इतकी हळूहळू पडते की ध्यानात येईपर्यंत हाडं वाकलेली असतात.

तूट केवढी असते याचा हिशोब मांडता येतो. एका मोठ्या गेकोने एका वेळी सहा रातकिडे खाल्ले आणि ते मिळून अडीच ग्रॅम भरले असं धरू. त्यांत फॉस्फरस असेल सात मिलिग्रॅमच्या आसपास, कॅल्शियम जेमतेम एक. प्रमाण दीडपट ते दुप्पट करायचं, तर आणखी दहा ते तेरा मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये वजनाच्या ४० टक्के कॅल्शियम असतं. म्हणजे २५ ते ३५ मिलिग्रॅम पावडर पुरते. चिमटीच्या टोकावर राहील एवढी! एका पालीचं वर्ष काही ग्रॅमांत भागतं. खर्चाचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो ही चिमूट आठवणीने, योग्य रूपात आणि योग्य वेळी पोटात जाण्याचा.

जंगलात ही चिमूट कोण घालतं? त्यासाठी या पालीच्या मुलखात डोकवावं लागतं, आणि तो मुलूख आपल्यापासून लांब नाही. जगभर पाळली जाते ती युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस ही जात. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे क्युरेटर एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ मध्ये पंजाबच्या मिठाच्या डोंगररांगेतल्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं. तो प्रदेश आज पाकिस्तानात आहे. तिची सख्खी बहीण युब्लेफॅरिस फस्कस गुजरात आणि महाराष्ट्रातल्या कोरड्या, खडकाळ भागात राहते. दुसरी बहीण तर खानदेशाच्या उत्तरेला भिंतीसारख्या उभ्या सातपुड्याच्या रांगांत सापडली. झीशान मिर्झा, राजेश सानप, डेव्हिड राजू, आतिश गवई आणि प्रथमेश घाडेकर यांनी २०१४ मध्ये सातपुड्यातल्या पालीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळवून दिली आणि तिच्या नावात सातपुडाच घातला: युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस. घरातल्या पालीपेक्षा या कुळाची वळणं वेगळी आहेत. यांना पापण्या असतात, डोळे मिटून त्या झोपतात. बोटांखाली चिकटणाऱ्या गाद्या नसतात, म्हणून भिंतीवर चढत नाहीत, दगडाखाली किंवा बिळात दिवस काढून अंधार पडल्यावर जमिनीवरून शिकार शोधतात. विषारी समजून या पाली ठेचल्या जातात. त्यांच्या अंगात विषाची ग्रंथीच नाही.

रानातली ही पाल एकच एक किडा खात नाही. तिच्या वाट्याला नाकतोडे येतात, भुंगे, कोळी, विंचू, वाळवी येते, कधी दुसऱ्या पालीचं पिल्लू हाडांसकट पोटात जातं. प्रत्येक किड्याच्या आतड्यात त्याने खाल्लेला पाला असतो, मातीचे कण असतात. तापीच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीत नांगराच्या फाळाला चुनखडीचे पांढरे खडे लागतात. केळीची पानं पिवळी पडली की जमिनीत चुनखडी जास्त आहे का हे इथला शेतकरी आधी पाहतो. अशा मातीवर वाढलेला पाला खाणारा, तीच माती अंगावर घेऊन फिरणारा किडा रानातल्या पालीला थोडं थोडं कॅल्शियम पोचवत राहतो. काचेच्या पेटीत यातलं काही नसतं. तिथे असतो प्लास्टिकच्या डब्यातला, गव्हाच्या कोंड्यावर वाढलेला एकच किडा. आपण पालीला तिच्या जमिनीपासून तोडलं आहे, तेव्हा ती जमीन तिच्या ताटात परत घालणं हे आपलंच काम आहे. माझ्या मते पाल पाळण्यातली अर्धी जबाबदारी एवढीच आहे.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. यावलच्या अभयारण्यात, अनेर धरणाच्या परिसरात, पाटणादेवीच्या डोंगरात किंवा शेताच्या बांधावर दिसलेली लेपर्ड गेको, म्हणजे बिबट्या पाल, घरी आणायची नाही. रानातून वन्यजीव धरून पाळायला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा परवानगी देत नाही, आणि त्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने प्राण्यांच्या याद्या नव्याने मांडल्या आहेत. विकत घेतानाही विक्रेत्याच्या तोंडी भरवशावर राहू नका. कोणती जात, कुठे पैदास झाली, कागद काय आहेत हे विचारा आणि वनखात्याकडून खातरजमा करून मगच पैसे द्या. घरात शिरलेली किंवा जखमी बिबट्या पाल आढळली तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

आता किड्यांकडे वळू. लहान शहरात खाद्यकिड्यांची अडचण खरी आहे. बाहेरगावाहून मागवलेले रातकिडे एप्रिल-मेच्या उन्हात वाटेतच मरतात. मग साहजिकच विचार येतो, बाहेर शेतात एवढे नाकतोडे उडत असताना विकत कशाला घ्यायचे? जळगाव-धुळ्यात याचं उत्तर शेतातल्या फवारणीत आहे. कापसाच्या बियाण्यालाच कीटकनाशकाचा लेप असतो, पुढे मावा, तुडतुडे, गुलाबी बोंडअळी यांसाठी पंप फिरत राहतो. कापसावर बसलेला, अजून न मेलेला नाकतोडा अंगात किती औषध घेऊन उडतो आहे हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. धडधाकट माणसाला पाडणारी ही रसायनं साठ ग्रॅमच्या प्राण्याला किती लागतील? केळी, मिरची, भाजीपाला, कुठल्याच फवारलेल्या पिकावरचा किडा नको. घरातलं झुरळही नको, कारण ते कुणाच्या तरी ओट्याखालचं झुरळमार जेल चाटून आलेलं असू शकतं.

शिवाय काही किडे औषधाविनाच विषारी असतात. रुईच्या झुडपावर बसणारा निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा देखणा नाकतोडा खानदेशातल्या प्रत्येक मुलाने पाहिलेला असतो. रुईच्या चिकातलं, हृदयावर परिणाम करणारं विष तो स्वतःच्या अंगात साठवतो. त्याच झुडपावरची काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळीही तशीच. बाजरीच्या कणसांवर येणारे हिंगे अंगातून कँथारिडिन सोडतात, माणसाच्या कातडीवर त्याने फोड येतात. आणि पावसाळ्याच्या तोंडावरचे काजवे तर मुळीच नकोत. पाळलेले बिअर्डेड ड्रॅगन सरडे काजवे खाऊन मेल्याच्या नोंदी अमेरिकेत झालेल्या आहेत. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती जमणारी पंखांची वाळवी विषारी नसते, रानातल्या पालीची ती मेजवानीच असते. पण घराच्या पायाला वाळवीचं औषध मारलेलं असेल तर ती वाळवीही संशयास्पदच.

तेव्हा खाद्यकिडे घरीच वाढवणं हा खानदेशातल्या पाळणाऱ्यासाठी सगळ्यात शहाणा मार्ग आहे. रातकिडे आवाज करतात आणि वास मारतात, हे खरं. डुबिया झुरळं आवाज करत नाहीत, गुळगुळीत डब्यातून चढून बाहेर येत नाहीत आणि खानदेशचा उन्हाळा त्यांना मानवतो. मीलवर्म सगळ्यांत सोपे, पण रोजचं जेवण म्हणून मला ते पटत नाहीत. वॅक्सवर्म म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यातल्या मेणपतंगाची अळी. तिच्या ताज्या वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा चरबी असते. आजारातून उठलेल्या पालीला एखाद-दुसरी द्यावी, एरवी पालीला तिची अशी चटक लागते की बाकी किडे ती तोंडात धरत नाही. या सगळ्यांत एक अपवाद आहे: ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीची अळी. तिच्या कातडीतच कॅल्शियम साठलेलं असतं आणि ते फॉस्फरसपेक्षा जास्त भरतं. ओल्या कचऱ्याचं खत करणारी मंडळी तिला ओळखतात. मात्र अळी कुठल्या कचऱ्यावर वाढली हे ठाऊक असेल तरच ती वापरावी.

किडा निवडला की लगेच पालीपुढे टाकायचा नाही. आधी त्याला जेवू घालायचं. किड्याच्या पोटात जे असेल ते पालीच्या पोटात जाणार, म्हणून खाऊ घालण्याआधी एक-दोन दिवस त्याचं आतडं कॅल्शियमने भरायचं. पाळणारे याला गट-लोडिंग म्हणतात. इथे कोंडा निरुपयोगी आहे. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम थोडं. जळगावात केळी आणि केळीच्या साली मुबलक, आणि रातकिडे-झुरळं त्यांवर तुटून पडतात, पण केळीत कॅल्शियम नावापुरतंच. पाण्याची गरज भागवायला एखादी चकती ठीक. खरा उपयोगी पाला परसातच असतो. शेवग्याच्या १०० ग्रॅम ताज्या पाल्यात ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. कढीपत्ता, मेथी हेही चांगले. पालक मात्र टाळावा. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला जखडून ठेवतं. पाला बाजारातला असेल तर फवारणीचा विचार करून नीट धुवावा, घरच्या शेवग्याची सर त्याला नाही.

नुसत्या पाल्याने मोठी तूट भरत नाही. प्राणिसंग्रहालयांसाठी झालेल्या अभ्यासांतून असं दिसलं, की रातकिड्यांच्या खाद्यातच निदान आठ टक्के कॅल्शियम मिसळलं तर दोन दिवसांत त्यांचं प्रमाण पालीला मानवेल इतकं सुधारतं. घरी भाजक्या डाळीच्या पिठात किंवा नाचणीच्या पिठात कॅल्शियम कार्बोनेट मिसळून हे करता येतं. शंभर ग्रॅम मिश्रणात वीस ग्रॅम कार्बोनेट घातलं की आठ टक्के कॅल्शियम होतं. हे खाद्य शेवटच्या दोन दिवसांपुरतंच. एरवी रातकिड्यांना ते सोसत नाही, मरू लागतात.

त्यानंतर वरून पावडर. डब्यात किंवा पिशवीत चिमूटभर पावडर, त्यात किडे, हलकासा झटका, आणि लगेच पालीसमोर. लगेच म्हणजे खरोखर लगेच. रातकिडा स्वतःचं अंग साफ करण्यात फार तत्पर असतो, थोड्या वेळात पाय-मिशा चाटूनपुसून तो पावडर झटकून टाकतो. पेटीत सोडून रात्रभर विसरलेला किडा सकाळी कॅल्शियमविना खाल्ला जातो, किंवा झोपलेल्या पालीचेच पाय कुरतडतो. पिल्लाला रोज आणि मोठ्या पालीला दोन-तीन दिवसांआड खायला घालावं. किडा तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून रुंद नसावा, आणि ती दहा-पंधरा मिनिटांत खाईल तेवढेच टाकावेत.

पावडर कुठली, हा प्रश्न इथे मोलाचा आहे, कारण पाळीव सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची तयार पावडर प्रत्येक गावात मिळत नाही आणि घरात कॅल्शियम नावाचं बरंच काही असतं. पानाचा चुना कधीही नाही. तो कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तोंडाची आतली कातडी भाजून काढतो. फळ्यावरचा खडू बहुधा जिप्समचा असतो, तोही नको. गोठ्यातल्या जनावरांचं खनिज मिश्रण हाताशी असतं, पण त्यात फॉस्फरस मुद्दाम घातलेला असतो, शिवाय तांबं, जस्त, कोबाल्ट असतात. डायकॅल्शियम फॉस्फेट म्हणजे डीसीपी याच कारणाने बाद. जी गोष्ट आधीच जास्त आहे ती आणखी घालण्यात अर्थ नाही. चालतं ते शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस हा एका सागरी जिवाच्या पाठीतला सांगाडा, आणि तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच आहे. अंड्याचं टरफलही सुमारे ९५ टक्के तेच. टरफलं उकळून, आतला पापुद्रा काढून, ओव्हनमध्ये किंवा तव्यावर कडक वाळवून, मिक्सरमधून वस्त्रगाळ करावीत. भुकटी पिठीइतकी बारीक असली तरच ती किड्याच्या अंगाला चिकटते. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम घालतात, त्यासाठी शिंपल्यांचा चुराही वापरतात, पण तो जाडाभरडा असतो आणि कोंबडीच्या दगडी पोटासाठी आहे. पालीला तसं पोट नाही.

बोअरचं पाणी क्षारांचं, मग त्यातून मिळत नाही का, असं पुष्कळ जण विचारतात. लिटरला दीडशे मिलिग्रॅम कॅल्शियम असलेलं पाणी धरलं, तरी पाल पिते थेंब थेंब. मिलिलिटरभर पाण्यातून मिळतं मिलिग्रॅमचा सातवा भाग, आणि वरच्या हिशोबात हवे होते दहा ते तेरा. त्याच समजुतीने कॅल्शियमची वाळू म्हणून विकली जाणारी वाळू पेटीत पसरली जाते. पाल ती चाटते, गिळते, आणि आतड्यात गोळा अडकतो. गिरणा नदीची वाळूही तशीच अडकते. तळाशी फरशी, कागद किंवा घट्ट दाबलेली माती बरी.

आता ड जीवनसत्त्व. कॅल्शियम आतड्यातून रक्तात यायला डी३ लागतं. माणसाची कातडी ते उन्हातल्या अतिनील-बी किरणांपासून बनवते. लेपर्ड गेको निशाचर, म्हणून तिला या किरणांचा काही उपयोग नाही असं बरीच वर्षं मानलं जात होतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात लहान गेकोंना रोज दोन तास मंद अतिनील-बी प्रकाश दिला, तेव्हा त्यांच्या रक्तातलं ड जीवनसत्त्व वाढलेलं आढळलं. संध्याकाळच्या उजेडात दगडाच्या फटीतून अर्धं अंग बाहेर काढून बसणारी पाल बहुधा हेच करत असते. तिच्यासाठी मंद ट्यूब मिळते, आणि मिळत असेल तर ती जरूर लावावी. मात्र पेटी खिडकीतल्या उन्हात ठेवणं हा त्याला पर्याय नाही. काच अतिनील-बी किरणं अडवते आणि उष्णता आत कोंडते. जळगावच्या मे महिन्यात अशी पेटी काही मिनिटांत जीव घेईल.

ट्यूब नसेल तर डी३ पावडरीतून द्यावं लागतं, आणि इथे हात आखडता हवा. कॅल्शियम थोडं जास्त झालं तर बरंचसं विष्ठेतून बाहेर जातं. डी३ चरबीत साठतं. ते वाढत गेलं की रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडात, रक्तवाहिन्यांत चुना साचू लागतो. मोठ्या पालीला बहुतेक वेळा साधं कॅल्शियम, आठवड्यातून एकदा डी३ असलेलं, ट्यूब लावलेली असेल तर त्याहून कमी, एवढं पुरे. पिल्लाला प्रत्येक खाण्याला साधं कॅल्शियम आणि आठवड्यातून एक-दोनदा डी३चं. आपल्याकडे डॉक्टर माणसांना ६०,००० युनिटची डी३ची पुडी लिहून देतात, ती घरोघरी पडलेली असते. त्या पुडीतला कणही पालीच्या खाण्यात पडता कामा नये. माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या कुटून घालणंही मला मान्य नाही, त्यांत बरोबर आणखी काय काय आहे ते प्रत्येक पाकिटावर वेगळं असतं. अ जीवनसत्त्वासाठी पंधरा दिवसांतून एकदा सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचं मल्टिव्हिटॅमिन द्यावं. ते कमी पडलं की पापण्या सुजतात, कात डोळ्यांवर अडकते.

एवढं सगळं केलं तरी पाल थंड असेल तर ते वाया जातं. ती बाहेरच्या उष्णतेवर जगते. पेटीच्या एका टोकाला जमीन ३१ ते ३३ अंश सेल्सिअस गरम हवी, तरच खाल्लेलं पचतं. धुळ्याची थंडी कडाक्याची. थंडीच्या लाटेत पारा सहा-सात अंशांवर उतरतो आणि नेमकी तेव्हाच रात्री वीज जाते. अशा वेळी गरम मॅट बंद पडलेली असेल तर किडे टाकू नयेत. पोटात न पचलेला किडा सडतो. दोन-चार दिवस न खाल्ल्याने मोठ्या पालीला काही होत नाही, शेपटीत तिची बेगमी असते. उन्हाळ्यात उलटी काळजी. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा मॅट बंद ठेवावी, पेटी घरातल्या सगळ्यात गार खोलीत जमिनीवर न्यावी, ओलं शेवाळ घातलेला एक डबा आत ठेवावा आणि खाणं संध्याकाळी उशिरा द्यावं. तापलेली पाल खात नाही. तेव्हा तिच्या तोंडाशी किडा नाचवून तिला आणखी दमवू नये.

मादीची गोष्ट वेगळी लिहायला हवी. आपल्या भिंतीवरच्या पालीच्या कुळातल्या कित्येक माद्या मानेजवळच्या पिशव्यांत कॅल्शियम साठवतात, त्यातूनच त्यांच्या अंड्याचं कडक कवच बनतं. लेपर्ड गेकोची अंडी मऊ, चामड्यासारखी असतात, म्हणून कॅल्शियम कमी लागत असेल असं वाटतं. पण ती एका वेळी दोन अंडी घालते आणि एका हंगामात असं अनेकदा करते, कधी नराशिवायही अंडी घालते, आणि बलकातलं कॅल्शियम शेवटी तिच्याच अंगातून जातं. त्या काळात कोपऱ्यात बाटलीच्या झाकणात साधं कॅल्शियम, डी३ नसलेलं, कायम ठेवावं. गरज असेल तेव्हा ती स्वतः येऊन चाटते. वाढत्या पिल्लांसाठीही हे झाकण ठेवावं असं माझं मत आहे. इतर वेळी मात्र किड्यावरची पावडरच पुरे.

थरथर, वाकलेली शेपटी, लवणारा जबडा यांतलं काहीही दिसलं तर घरी कॅल्शियम वाढवून वाट पाहू नये. जळगाव-धुळ्यातल्या पशुवैद्यांपुढे बहुतेक गाई-म्हशी आणि कुत्री येतात, पण रक्तातलं कॅल्शियम घसरणं म्हणजे काय ते त्यांना शिकवावं लागत नाही. एक्स-रे काढून हाडांची घनता पाहता येते, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जाणकार डॉक्टरांशी ते फोनवर बोलू शकतात. जाताना पावडरीची पाकिटं, पेटीचा फोटो, आत लावलेल्या थर्मामीटरचे आकडे आणि गेल्या महिन्यात काय खाऊ घातलं त्याची टिपणं बरोबर न्यावीत. उपचार चालू असताना पालीला शक्यतो उचलू नये, कारण असं हाड हातातल्या हातात मोडतं. चढायचे दगड पेटीतून काढून टाकावेत, खाणं मऊ आणि लहान असावं: नुकतीच कात टाकलेला पांढरा किडा, किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं पातळ मिश्रण ओठाच्या कडेला लावून. जबडा घट्ट व्हायला काही महिने जातात. वाकलेला पाय सरळ होत नाही, पण त्या वाकलेल्या पायांवर पुढे दहा-पंधरा वर्षं शिकार करत जगणाऱ्या लेपर्ड गेको आहेत.